रिकाम्या स्टेडियमविषयी प्रेक्षकाला कुणी विचारले?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

टाळेबंदीच्या काळातील फुटबॉलविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात क्लबांचा तोटा, प्रक्षेपणाचे करार आणि लांबलेले हंगाम यांची चर्चा भरपूर आहे. ज्यांच्यासाठी दारे बंद झाली त्या प्रेक्षकांचा उल्लेख मात्र बहुधा दोनच रूपांत येतो: एक तर बुडालेले तिकिटांचे उत्पन्न म्हणून, किंवा संसर्गाचा धोका म्हणून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही मार्च २०२० पासून पुढच्या सव्वा वर्षात मैदानांवर आणि मैदानांबाहेर जे घडले ते पाहता, प्रेक्षक हा या खेळातील एक पक्ष आहे आणि स्टेडियम कधी बंद करायचे, कधी उघडायचे व मधल्या काळात खेळ कोणत्या अटींवर चालवायचा, या निर्णयांत त्याचा शब्द विचारात घेतला गेला पाहिजे, असे मला वाटते.

स्टेडियम बंद करण्याचा निर्णय चुकीचा होता, असे मी म्हणत नाही. उलट तो अनेक ठिकाणी उशिरा झाला. १९ फेब्रुवारी २०२० रोजी इटलीतील बेर्गामो शहराचा अटलांटा क्लब आणि स्पेनचा व्हॅलेन्सिया यांच्यातील चॅम्पियन्स लीगचा सामना मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर झाला, तेव्हा बेर्गामो आणि परिसरातून सुमारे ४०,००० लोक बस, रेल्वे आणि मोटारींतून तेथे गेले होते; पुढच्या काही आठवड्यांत कोरोनाने बेर्गामोची जी अवस्था केली, तिच्यामागील कारणांपैकी एक म्हणून या सामन्याकडे आजही बोट दाखवले जाते. ११ मार्चची रात्र तर याहून बोलकी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महासाथ घोषित केले त्याच दिवशी लिव्हरपूलमध्ये अॅटलेटिको माद्रिदविरुद्धचा सामना ५०,००० हून अधिक प्रेक्षकांसमोर खेळवला गेला आणि त्यांत माद्रिदहून आलेले सुमारे ३,००० पाठीराखेही होते. स्पेनमधील सामने तोवर बंद दाराआड गेले होते. म्हणजे ज्या पाठीराख्यांना स्वतःच्या देशात स्टेडियममध्ये पाऊल टाकता येत नव्हते, त्यांना परदेशी जाऊन सामना पाहण्याची मुभा होती. त्याच संध्याकाळी पॅरिसमध्ये डॉर्टमुंडविरुद्धचा सामना रिकाम्या स्टेडियममध्ये झाला खरा, परंतु स्टेडियमबाहेर हजारो लोक जमले आणि विजयानंतर पॅरिसच्या खेळाडूंनी वरून त्यांच्यासोबत जल्लोषही केला. एके ठिकाणी दार उघडे ठेवून आणि दुसऱ्या ठिकाणी दार लावूनही गर्दी झालीच. गर्दी ही केवळ आसनांवर बसत नाही, एवढी साधी गोष्ट निर्णय घेणाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती.

पुढे मे महिन्यात जर्मनीने मोठ्या लीगांमध्ये सर्वांत आधी खेळ पुन्हा सुरू केला. १६ मे रोजी डॉर्टमुंडने शाल्केला ४-० असे हरवले आणि सामना संपल्यावर खेळाडू नेहमीप्रमाणे दक्षिणेकडील स्टँडसमोर अभिवादनासाठी गेले. एरवी सुमारे २५,००० लोक उभे राहून सामना पाहतात असा तो स्टँड त्या दिवशी पूर्ण रिकामा होता. घरात अडकून पडलेल्या जगभरच्या लोकांना त्या दिवशी निदान पाहायला काहीतरी मिळाले, हे मान्य केले पाहिजे. आठवड्याचे सगळे वार सारखेच झाले असताना सामन्याचा एक दिवस वेगळा कळू लागला, हीसुद्धा लहान गोष्ट नव्हती. पण जे दिसले ते फुटबॉलचे सर्व नियम पाळूनही अपुरे होते. प्रशिक्षकांच्या सूचना, चेंडूला लागलेल्या लाथेचा आवाज, राखीव खेळाडूंच्या आरोळ्या, सगळे स्पष्ट ऐकू येई. मग वाहिन्यांनी ध्वनिमुद्रित जल्लोष मिसळायला सुरुवात केली, काही क्लबांनी पाठीराख्यांची पुठ्ठ्याची चित्रे आसनांवर बसवली, आणि दक्षिण कोरियात तर एका क्लबने प्रौढांसाठीच्या, नको त्या दुकानातील बाहुल्या स्टँडमध्ये मांडून स्वतःची शोभा करून घेतली व दंडही भरला. या साऱ्या खटाटोपातून एक कबुली मात्र मिळाली. प्रेक्षकाविना हे दृश्य विकले जात नाही, हे विकणाऱ्यांनाही ठाऊक होते.

केवळ दृश्यच बदलले असते तर मी एवढे लिहिले नसते. निकालही बदलले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२०-२१ च्या हंगामातील ३८० सामन्यांपैकी १४४ यजमान संघांनी आणि १५३ पाहुण्या संघांनी जिंकले. त्या देशाच्या सर्वोच्च विभागात पाहुण्यांचे विजय यजमानांपेक्षा अधिक होण्याची ही पहिलीच वेळ होती. याच हंगामात मँचेस्टर युनायटेडने बाहेरच्या मैदानावर लीगचा एकही सामना गमावला नाही, तर लिव्हरपूलचा संघ, जो घरच्या मैदानावर लीगचे सलग ६८ सामने अपराजित होता, तोच तेथे ओळीने सहा सामने हरला. लिव्हरपूलचे प्रमुख बचावपटू त्या काळात जायबंदी होते, त्यामुळे सारा दोष रिकाम्या स्टँडवर टाकणे योग्य होणार नाही. तथापि युरोपातील अनेक लीगांच्या अभ्यासांतून एक बाब पुन्हा पुन्हा पुढे आली, ती अशी की रिकाम्या स्टेडियममध्ये पंचांनी पाहुण्या संघाला दाखवलेल्या पिवळ्या कार्डांचे प्रमाण घटले. पंच पक्षपाती असतात असा याचा अर्थ काढण्याची गरज नाही. चाळीस-पन्नास हजार लोकांनी एकाच वेळी ओरडून केलेली मागणी माणसाच्या निर्णयावर परिणाम करते, एवढेच त्यातून दिसते. प्रेक्षक निकालावर परिणाम करतो हे आता आकड्यांनिशी सिद्ध झाले असताना त्याला केवळ ग्राहक म्हणणे मला पटत नाही.

स्टेडियमभोवती उभे असलेले दुसरे एक जीवनही या काळात थांबले आणि त्याची नोंद फार थोड्यांनी घेतली. लिव्हरपूलमध्ये दोन्ही प्रतिस्पर्धी क्लबांचे पाठीराखे सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर गरजूंसाठी अन्नधान्य गोळा करत. प्रेक्षक येणे थांबले आणि नेमक्या गरज वाढलेल्या दिवसांत हे संकलनही थांबले. एकट्या राहणाऱ्या अनेक वृद्धांचा घराबाहेर पडून चार ओळखीच्या माणसांशी बोलण्याचा आठवड्यातील दिवस म्हणजे सामन्याचा दिवस असतो, आणि ही गोष्ट काही क्लबांना उमगली होती. त्यांनी आपल्या वृद्ध पाठीराख्यांना दूरध्वनी करून विचारपूस केली, कित्येकदा खेळाडूंनीच हे फोन केले. लहान क्लबांची स्थिती आणखी निराळी होती. मोठ्या क्लबांना प्रक्षेपणाचा पैसा तारून नेतो, पण खालच्या विभागांत प्रवेशद्वारावर जमा होणाऱ्या रकमेवरच बरेचसे अवलंबून असते. म्हणूनच जून २०२० मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या आणि चौथ्या विभागातील क्लबांनी हंगाम अर्धवट संपवून प्रति सामना गुणांच्या सरासरीवर क्रमवारी ठरवली, तर वरच्या दोन विभागांनी रिकाम्या मैदानांवर हंगाम पूर्ण केला.

लोकांना मात्र दाराबाहेर रोखून धरता आले नाही. ३० वर्षांनंतर लिव्हरपूलचे लीगचे अजिंक्यपद जून २०२० मध्ये निश्चित झाले, तेव्हा घरी राहण्याची विनंती करूनही हजारो लोक स्टेडियमबाहेर आणि पुढच्या दिवशी नदीकाठी जमले. नोव्हेंबरमध्ये नेपल्सच्या क्लबचा एकेकाळचा नायक मॅराडोना गेला आणि कडक निर्बंधांखाली असलेल्या नेपल्समध्ये लोक मेणबत्त्या घेऊन स्टेडियमपाशी आले. या वर्तनाचे समर्थन करता येत नाही, परंतु ते अनपेक्षितही नव्हते. २०२१ च्या जूनमध्ये युरो या युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेतील इंग्लंड-स्कॉटलंड सामना मर्यादित प्रेक्षकांसह लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर झाला. युरो स्पर्धेशी संबंधित म्हणून स्कॉटलंडमध्ये जे सुमारे २,००० बाधित पुढे मोजले गेले, त्यांतील साधारण ४०० जणच प्रत्यक्ष वेम्बलीत होते. बाकीचे प्रवासात, मद्यालयांत, चौकांत आणि घरांतील बैठकांत होते. आसनक्षमतेचे टक्के ठरवणाऱ्यांनी पाठीराख्यांच्या संघटनांना विचारले असते, तर कोण कोणत्या गाडीने जाणार आणि सामन्याआधी कुठे जमणार, हे त्यांनी आधीच सांगितले असते.

प्रेक्षक भावनेच्या भरात वागतो, त्याला निर्णयात घेऊन काय उपयोग, असा आक्षेप येईल. त्यावर बेलारूसचे उदाहरण पुरेसे आहे. सारा युरोप थांबलेला असताना तेथील लीग प्रेक्षकांसह चालू राहिली, आणि तेव्हा अनेक क्लबांच्या कट्टर पाठीराख्यांनी स्वतःहूनच सामन्यांवर बहिष्कार घातला. जर्मनीतही संघटित पाठीराख्यांनी एप्रिल २०२० मध्येच घाईघाईने खेळ सुरू करण्यास विरोध दर्शवला होता; बहुतेक क्लबांत सदस्यांचा बहुमताचा हक्क राखणाऱ्या त्या देशातही तो विरोध बाजूला ठेवला गेला. आणि स्टँड रिकामे असतानाच, १८ एप्रिल २०२१ रोजी, १२ श्रीमंत क्लबांनी सुपर लीग या आपल्या स्वतंत्र स्पर्धेची घोषणा केली. आरोळी ठोकायला कोणी नाही, असे त्यांना वाटले असावे. दोनच दिवसांत लंडनमध्ये चेल्सीच्या स्टेडियमबाहेर पाठीराखे रस्त्यावर बसले आणि त्या बारांतील सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. त्यानंतर ब्रिटनमध्ये पाठीराख्यांच्या दृष्टीने फुटबॉलच्या कारभाराचा आढावा घेतला गेला आणि २०२५ मध्ये स्वतंत्र नियामक स्थापन करणारा कायदाही झाला, हे स्वागतार्ह आहे.

परंतु महासाथीसारख्या प्रसंगी काय करायचे, हे अशा प्रसंगाच्या ऐन गर्दीत ठरवता येत नाही. प्रत्येक लीगने पाठीराख्यांच्या प्रतिनिधींना सोबत घेऊन आधीच लेखी आराखडा तयार ठेवावा: संपूर्ण हंगामासाठी काढलेल्या तिकिटाचे पैसे किती दिवसांत परत मिळतील, मैदाने टप्प्याटप्प्याने उघडताना थोड्या प्रेक्षकांवर जगणाऱ्या लहान क्लबांना आधी संधी मिळेल का, आणि पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांच्या प्रवासाबाबत कोणता नियम असेल. यांतील पैशांचा मुद्दा सर्वांत सोपा आहे आणि नेमका त्यावरच सर्वाधिक टाळाटाळ झाली.

आपल्या क्रीडा पानाकडेही एक विनंती आहे. सामन्याच्या निकालाखाली गोल करणाऱ्यांची नावे आपण छापता, त्याच ओळीत प्रेक्षकसंख्याही छापावी, आणि सामना बंद दाराआड झाला असेल तर तो कोणाच्या आदेशाने व कोणत्या कारणासाठी, हेही नमूद करावे.

आपला,
एक नियमित वाचक