दादा, तुम्ही खिंड परत चढून आलात

दादा, नमस्कार.

हे पत्र आपल्या गाईडच्या मदतनीस पोरीकडे इंग्रजी करून पाठवते आहे. ती ते तुम्हाला तुमच्या रुनासिमीत, म्हणजे क्वेचुआ भाषेत, वाचून दाखवणार आहे, तसं कबूल केलंय तिने. पण आधी मी ते मराठीत लिहिलं. मनापासून आभार मानायचे तर मला दुसरी भाषा पुरत नाही. शिवाय आमच्याकडूनही माणसं तुमच्या पेरूत माचू पिक्चूच्या वाटेवर येतात. त्यांच्या कानावर, आमची ओझी वाहणाऱ्या तुमची गोष्ट जावी असं फार वाटतं.

ओळख पटावी म्हणून सांगते. मे महिन्यात नाशिकहून आलेल्या आम्ही पाच बायका, त्यातली सगळ्यात मागे राहणारी ती मी. मी तुम्हाला दादा म्हणायचे आणि तुम्ही मला मामिता. दोघांनाही एकमेकांचा शब्द कळत नव्हता, पण चौथ्या हाकेला दोघंही वळून बघायला लागलो होतो.

ही इंका वाट जिथून सुरू होते, त्या किलोमीटर ८२ च्या नाक्यावरची पहिली सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्हा सगळ्यांची ओझी एकेक करून काट्यावर चढत होती. तंबूचे दांडे, गॅसची टाकी, स्टुलं, अंड्यांचे ट्रे. २० किलोच्या वर एक गोष्ट जाऊ देत नव्हते, आणि त्या विसात तुमचे स्वतःचे कपडे नि पांघरूणही आलं. हा नियम २००१ च्या कायद्याने आला, त्याआधी याच चढावर कितीतरी जास्त ओझं पाठीवर यायचं, असं गाईडने सांगितलं. मी सह्याद्रीत तीस वर्षं फिरले, पण स्वतःची सॅक स्वतः उचलायची हीच सवय. त्या काट्यावर माझीही एक पिशवी होती, सहा किलोची, आणि ती तुमच्या पाठीवर जाणार होती. माझ्या तोंडून दादा हा शब्द तेव्हाच पहिल्यांदा निघाला.

लिमाहून कुस्कोला जाणारं आमचं विमान रद्द झालं होतं. कुस्को ३,४०० मीटरवर. तिथल्या हवेची सवय व्हावी म्हणून तीन दिवस राखून ठेवले होते, त्यातला एकच उरला. पहिल्या दिवशी काही जाणवलं नाही. कुसिचाका नदीच्या वळणावर पाताय्याक्ता या जुन्या इंका वस्तीचे वळणदार बांध वरून बघताना मी गप्पा मारत होते, फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी मात्र शरीराने हिशेब मागितला.

वायाबांबा गावापासून वार्मीवान्युस्काची खिंड म्हणजे एका दिवसात १,२०० मीटर चढ. खिंडीची उंची ४,२१५ मीटर. आमचं कळसूबाई १,६४६ मीटर. एकावर एक अडीच कळसूबाई रचावीत तेव्हा कुठे ती खिंड. हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के. झाडी संपून उघडा, पिवळा माळ लागला आणि माझं डोकं ठणकायला लागलं. दहा पावलं, थांबा. मग सात पावलं, थांबा. मैत्रिणी ठिपक्यांएवढ्या झाल्या. त्या खिंडीच्या नावाचा अर्थ ‘मेलेली बाई’, खालून बघितलं तर डोंगराची कड आडव्या पडलेल्या बाईसारखी दिसते म्हणून. आदल्या दिवशी ते ऐकून आम्ही फोटो काढले होते. आता तीच कड वर बघायचीही इच्छा उरली नव्हती. पोरीने माझ्या बोटाला यंत्र लावून बघितलं. आकडा धोक्याचा नव्हता, पण पायांत जीवच नव्हता. ‘परत फिरायचं का?’ असं तिने अगदी हळू विचारलं, आणि मला रडू आलं.

त्या वेळी तुम्ही कुठे होतात, दादा? खिंडीच्या पलीकडे, पाकायमायोला, ३,६०० मीटरवर. तुमचे तंबू ठोकून झाले होते. तुमचं दिवसाचं काम संपलं होतं. खाली पोहोचलेल्यांत एक बाई कमी आहे एवढंच तुम्हाला कळलं आणि तुम्ही उठलात. मला हे रात्री कळलं, पोरीकडून. कोणी तुम्हाला जा म्हणालं नव्हतं.

मला दिसलं ते एवढंच, की सगळी माणसं वर चालली आहेत आणि एक माणूस खाली येतोय. पाठीला ओझं नाही, फक्त रंगीत पट्ट्यांच्या कापडात गुंडाळून गळ्याशी गाठ मारलेलं काहीतरी. तो थर्मास होता. माझी सॅक तुम्ही न विचारता काढून घेतलीत. झाकणभर कोकाचा चहा दिलात. मग कनवटीतून वाळकी पानं काढलीत, मुन्याची. तळहातावर घेऊन ती तुम्ही चोळलीत, जोरात, कोरडा खसखस आवाज येईपर्यंत, आणि दोन्ही हातांची ओंजळ माझ्या नाकासमोर धरलीत. पुदिन्यासारखा, पण त्याहून तिखट वास होता. तुमच्या तळहाताला दोन भेगा होत्या, त्यांत माती गेलेली. तो वास डोक्यात शिरला आणि मी दिवसभरात पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

‘पोको आ पोको, मामिता.’ हळूहळू. पुढचे दोन तास तुम्ही एवढंच बोललात. माझ्यापुढे दोन पावलं चालायचात. मी मान खाली घालून तुमच्या टायरच्या चपलांकडे बघत होते. टाचेला टायरची नक्षी अजून शाबूत होती. मी थांबले की तुम्हीही थांबायचात, पण मागे वळून बघायचा नाहीत. का, ते मला नंतर उमगलं. दमलेल्या माणसाकडे कोणी वाट बघत बघितलं की तो लाजून निघतो आणि आणखी दमतो. आमच्याकडेही जुने जाणते वाटाडे असंच करतात.

खिंडीत वारा कापत होता. तुम्ही कोकाची तीन पानं निवडलीत, न फाटलेली, एकावर एक ठेवून पंख्यासारखी धरलीत, त्यांच्यावर फुंकर घातलीत आणि सालकांतायचं शिखर आहे त्या बाजूला धरून पुटपुटलात. मग तशीच तीन पानं माझ्या हातात दिलीत. आमच्याकडे गड चढण्याआधी पायरीला हात लावून तो कपाळाला लावतात, तसं काहीतरी असणार एवढं कळलं. पानं दगडाखाली ठेवली आणि हात जोडले. तुमच्या आपूंना, त्या डोंगरदेवांना, माझा तो नमस्कार चालला असेल ना?

तिसरा दिवस सगळ्यात सुंदर, असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. रुंकुराकायचं गोल जोतं, कड्याच्या टोकावरचं सायाकमार्का, ढगात बुडालेलं पुयुपातामार्का. पण मला राहून राहून आठवतं ते दुपारचं जेवण. त्या दिवशी माझी एकादशी होती. पोरीने आचाऱ्याला विचारलं, ही बाई काय खाईल? मी सांगितलं, बटाटा, शेंगदाणे, राजगिरा. तुम्ही सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागलात. पापा, मानी, किविचा! हे सगळं तर आमचंच! आणि खरंच की. बटाटा तुमच्या डोंगरांतला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही तिथलाच, आणि तुमचा किविचा म्हणजे आमच्या राजगिऱ्याचा सख्खा भाऊ. पोर्तुगीज जहाजांनी समुद्रापार आणलेली तुमची शेती आज माझ्या देवघराशेजारी उपासाच्या ताटात आहे. तुम्ही उकडलेला बटाटा सोलून माझ्या हातावर ठेवलात. दुसऱ्या कुणाच्या हातचा उपासाचा घास इतका गोड लागल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतरच्या हजारेक मीटरच्या उतारात गुडघे बोलायला लागले. उंच पायऱ्यांपाशी तुमचा हात आपोआप पुढे यायचा. विन्याय वायनाला, शेवटच्या मुक्कामाला, अंधार पडता पडता पोहोचलो.

आता जे सांगायचं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, ते सांगते.

शेवटच्या रात्री आम्ही पाकिटं दिली, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मी तुम्हाला विचारलं, उद्या सूर्यद्वारातून आपण एकत्रच उतरायचं ना? पोर गप्प झाली. मग म्हणाली, हे लोक येत नाहीत. तंबू आवरून खाली पहाटेची गाडी पकडतात. साडेतीनला आम्हाला उठवलं ते त्याचसाठी. बॅटरीच्या उजेडात तुम्ही माझाच तंबू गुंडाळत होतात. मला बघून हात वर केलात, बटाटे काढायचे आहेत घरी, असं काहीतरी खुणेने सांगितलंत, आणि तुमची रांग उताराला लागली.

आम्ही इंतीपुंकूला, म्हणजे त्या सूर्यद्वाराला, पोहोचलो तेव्हा धुकं होतं. ते वीस मिनिटांनी वर सरकलं आणि माचू पिक्चू दिसलं. चुन्याचा कण न वापरता बसवलेले ते दगड, इंका सम्राट पाचाकुतीच्या काळातले, साडेपाचशेहून जास्त वर्षांपूर्वीचे. सगळ्या रडल्या. मीही. पण माझ्या डोळ्यांसमोर तुमची उताराला लागलेली रांग होती. खाली गाईड सांगत होता, २४ जुलै १९११ ला हायरम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाला इथे वर घेऊन आला तो मेल्चोर आर्तेआगा नावाचा शेतकरी, एका सोलच्या बोलीवर. या कड्यावर तेव्हाही शेतकऱ्यांची घरं होती, बांधांवर पिकं होती. फलकावर वाचायला मी बिंगहॅमचं नाव शोधलं नाही. मला त्या शेतकऱ्याचं नाव लिहून घ्यायचं होतं, आणि ते मी तिथेच वहीत लिहून घेतलं. त्याच्या खाली तुमचं लिहिलं.

तुम्ही इतक्या वर्षांत आत किती वेळा गेलात, असं मी पोरीला विचारलं होतं. एकदा, म्हणाली, लेकीला दाखवायला.

दादा, इथून निघणाऱ्या प्रत्येकीला मी आता सांगते. कंपनी निवडताना पहिला प्रश्न हा विचारा, की ओझी उचलणाऱ्यांना मजुरी किती, झोपायला काय, जेवण काय. सामान स्वतःचं कमी करा. नावं पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आणि कुस्कोत तीन दिवस राहा, काहीही झालं तरी.

सोबत खिंडीतला आपला फोटो पाठवते आहे, दोन प्रती. एक तुमच्या लेकीसाठी. तुमचे डोळे वाऱ्याने मिटले आहेत, पण माझ्याकडे दुसरा नाही. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते, तुम्ही घरी असाल, म्हणून तेव्हा पोहोचेल असा पाठवलाय.

सुल्पायकी, दादा. तुपानन्चिस्कामा. आभार, आणि पुन्हा भेटेपर्यंत.

तुमची,
मामिता
नाशिक