बाबा, या माणसाचा पियानो ऐका

युनियन सिटी, न्यू जर्सी
२४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बुधवारी गणपती. यंदा मखर फुलांचंच करायचं ठरल्याचं दादाने सांगितलं, बरं वाटलं. आई, मोदकांचा घाट एकटीने घालू नकोस. उकड वहिनीला काढू दे, तू खुर्चीत बसून पाऱ्या कर, गुडघ्याला तेवढाच आराम.

परवा फोनवर मी एका पियानोवाल्याबद्दल सांगत होते आणि आवाज सारखा तुटत होता, म्हणून लिहायलाच बसले. दादा हे मोठ्या अक्षरांत छापून देईल. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा आई, तू वाच आणि बाबांनी ऐकावं.

त्याचं नाव एडी पालमिएरी. ६ ऑगस्टला तो गेला, इथून फार लांब नसलेल्या हॅकेनसॅक गावात, राहत्या घरी. ८८ वर्षांचा होता. साल्सा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचे डान्सचे कार्यक्रम येत असतील, चमचमते कपडे आणि गिरक्या. पण ते संगीत न्यूयॉर्कच्या कष्टकरी वस्त्यांमधल्या माणसांनी उभं केलंय, आणि त्यांच्यातला सगळ्यात धाडसी माणूस हाच, असं माझं ठाम मत आहे.

आई, सुरुवात त्याच्या आईपासून करते. हे कुटुंब मूळचं प्वेर्तो रिको बेटावरच्या पोन्से शहरातलं, १९२०च्या दशकात न्यूयॉर्कला आलेलं. एडीचा जन्म १५ डिसेंबर १९३६चा, ईस्ट हार्लेममधला. पुढे बिऱ्हाड ब्राँक्सला गेलं. थोरला भाऊ चार्ली त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा. आईने दोघांनाही पियानो शिकायला घातलं. एडी मार्गारेट बाँड्स या नामवंत कृष्णवर्णीय संगीतकार बाईंकडेही शिकला. पण तेराव्या वर्षी त्याला तालाचं वेड लागलं आणि पियानो सोडून तो एका नातलगाच्या बँडमध्ये टिंबालेस वाजवायला लागला. टिंबालेस म्हणजे स्टँडवर बसवलेले धातूचे दोन ढोल, काठीने वाजवायचे, शेजारी काउबेल लावलेली. हे सगळं सामान दर कार्यक्रमाला स्वतः उचलून न्यायचं आणि रात्री परत आणायचं.

आई त्याला रागावली नाही. चार्ली कार्यक्रमाला निघाला की ती धाकट्याला म्हणायची, बघ कसा रुबाबात चाललाय, खांद्यावर काही ओझं आहे का त्याच्या? मुलाला ते पटलं. टिंबालेस परत गेले आणि तो पुन्हा पियानोवर बसला. हा किस्सा तो म्हातारपणीही रंगवून सांगायचा. वर म्हणायचा, मी मुळात तालवाद्यवाला, ती हौस अर्धी राहिली, म्हणून सगळं पियानोवर काढतो. ते अक्षरशः खरं होतं. इतका जोर लावून वाजवायचा की लोकांनी त्याला पट्ट्या फोडणारा असं टोपणनाव दिलं होतं.

वडिलांचं ब्राँक्समध्ये ‘एल मांबो’ नावाचं खाण्यापिण्याचं छोटं दुकान होतं. एडी तिथे गिऱ्हाइकांना सोडा आणि माल्ट द्यायचा आणि ज्यूकबॉक्सची, म्हणजे नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणाऱ्या पेटीची, व्यवस्था बघायचा. माचितो, टिटो पुएंते, टिटो रॉड्रिगेझ, म्हणजे त्या काळचे सगळे बडे बँड त्याच्या कानावरून असे गेले. पुढे १९५८ ते १९६० तो याच टिटो रॉड्रिगेझच्या ऑर्केस्ट्रात होता. ती जागा मिळावी म्हणून लोक वाट बघत असत. त्याने ती सोडली आणि १९६१ मध्ये स्वतःचा बँड काढला, ‘ला पर्फेक्ता’.

मोठे बँड म्हणजे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, असं तेव्हाचं समीकरण. दुसरीकडे बासरी आणि व्हायोलिनवाल्या चारांगा बँडची लाट आली होती, चार्लीचा स्वतःचा तसा बँड होता. एडीने ट्रम्पेट वगळले आणि दोन ट्रोम्बोन, म्हणजे सरकत्या नळीची पितळी वाद्यं, घेतले, वर एक बासरी. ट्रोम्बोनचा आवाज भरड, छातीतून येणारा, आणि त्यावर बासरी अगदी उंच. मधली जागा पियानो, काँगा (हातांनी वाजवायचा उंच ढोल), टिंबालेस आणि इस्माएल किंतानाचा गळा भरून काढायचे. चार्लीने या जोडणीला ‘ट्रोम्बांगा’ असं नाव दिलं. एक ट्रोम्बोनवाला, बॅरी रॉजर्स, ब्राँक्सच्या ज्यू घरातला. दुसरा, होसे रॉड्रिगेस, ब्राझीलचा. गाणं मुळातलं क्युबाचं. १९६२च्या अमेरिकी निर्बंधांनंतर क्युबाहून नव्या रेकॉर्डी आणि वादक येणं जवळपास थांबलं होतं, आणि नेमक्या त्याच वर्षांत न्यूयॉर्कची ही पोरं ते संगीत पुढे नेत होती. पुढच्या दहा वर्षांत साल्साचा म्हणून जो खरखरीत ट्रोम्बोनचा आवाज जगभर गेला, विली कोलोनसारख्या ट्रोम्बोनवाल्यांनी जो घराघरांत पोचवला, त्यामागे ला पर्फेक्ता आहे.

बाबा, आता तुमच्या आवडीचा भाग. मांडीवर हात ठेवा आणि तीनतालाच्या सोळा मात्रा मोजा, जरा जलद लयीत. १, ४, ७, ११ आणि १३, एवढ्याच मात्रांवर टाळी द्या, बाकीच्या मोकळ्या सोडा. दोन-चार आवर्तनं झाली की हात आपोआप पडायला लागेल. याला क्लावे म्हणतात आणि हे सगळं संगीत यावर उभं आहे. दोन लाकडी दांडक्यांवर तो कधी प्रत्यक्ष वाजतो, कधी वाजतही नाही, पण प्रत्येक वादकाच्या अंगात चालू असतो. कोणी त्याच्या उलट गेलं की जाणकाराला लगेच खुपतं. यात बेसवाला कुठे वाजवतो बघा: ४ आणि ७ वर, मग १२ आणि १५ वर. पहिली मात्रा तो मोकळीच सोडतो. तुमची आयुष्यभराची सवय समेवर येऊन विसावण्याची. इथे बेस तुम्हाला समेवर विसावूच देत नाही, आधीच पुढच्या आवर्तनाकडे ओढतो. नाचणाऱ्यांचे पाय थांबत नाहीत ते यामुळे.

त्यावर पियानो एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतो, त्याला मोंतुनो म्हणतात. एरवी वादक दोन्ही हातांनी तो धरतो आणि सोलो आला की सोडतो. १९६५ मध्ये ‘असुकार पा ती’ ही रेकॉर्ड आली. तिच्यातलं ‘असुकार’ हे गाणं नऊ मिनिटांहून लांब आहे, तेव्हाच्या रेडिओवर तीन मिनिटांपलीकडे सहसा काही वाजत नसताना. त्यात एडीचा डावा हात मोंतुनो धरून ठेवतो आणि उजवा वाटेल तिथे फिरतो. तबल्याच्या सोलोला पेटीवाला लेहरा धरतो ना, तसा. फक्त इथे लेहरा धरणारा आणि कायदे-तिहाया वाजवणारा एकाच माणसाचे दोन हात आहेत. उजवा हात लयीच्या पुढे जातो, मागे रेंगाळतो, मुद्दाम बोचणारा सूर लावून तिथेच ठाण मांडतो, आणि डावा तसूभर हलत नाही. ही रेकॉर्ड आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात आहे. पण ती वाजली मुळात नाचणाऱ्यांसाठी. ब्रॉडवेवर ५३व्या रस्त्यापाशी पॅलेडियम नावाचा मोठा डान्स हॉल होता, तिथे ला पर्फेक्ता पुएंते आणि रॉड्रिगेझच्या मोठमोठ्या बँडसमोर उभी राहायची. १९६६ मध्ये तो हॉल बंद पडला, १९६८ मध्ये ला पर्फेक्ताही मोडली.

दुसरा कोणी जुनीच गाणी वाजवत बसला असता. हा माणूस मात्र अभ्यासाला लागला. मॅकॉय टायनरसारख्या जॅझ पियानोवाल्यांचे स्वरमेळ तर घेतलेच, शिवाय हेन्री जॉर्ज या एकोणिसाव्या शतकातल्या अर्थचिंतकाची पुस्तकं वाचली. जमिनीची किंमत सगळ्या समाजामुळे वाढते, मग तो पैसा मूठभरांच्या खिशात का जावा, हा जॉर्जचा प्रश्न. वस्तीतल्या पोराला तो पटला नसता तरच नवल. १९६९ मध्ये त्याने ‘हुस्तिसिया’ काढली, म्हणजे न्याय. १९७१ मध्ये ‘हार्लेम रिव्हर ड्राइव्ह’ आली, हार्लेमच्या कडेने जाणाऱ्या हमरस्त्याच्या नावाची. त्यात सोल संगीतातले नावाजलेले कृष्णवर्णीय वादक आणि त्याचे स्वतःचे लोक एकत्र वाजवतात. १९७२ मध्ये हा ताफा घेऊन तो सिंग सिंगच्या तुरुंगात गेला आणि कैद्यांसमोर वाजवलं. त्याचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं, कैद्यांच्या ओरडण्यासकट.

पण या काळातलं माझं सर्वांत लाडकं गाणं ‘वामोनोस पाल मोंते’, १९७१चं. चला, डोंगराकडे जाऊ. यात एडी पियानोवर आहे आणि ऑर्गनवर चार्ली. ज्याच्या मागोमाग आईने त्याला पियानोकडे वळवलं तो थोरला भाऊ. ऑर्गनचा सोलो सुरू होतो तेव्हा पियानो निमूट खाली मोंतुनो धरून बसतो, भावाला सगळी जागा देतो. मी हे ऐकताना दर वेळी दादाला फोन करते. चार्ली १९८८ मध्ये गेला. एडी शेवटपर्यंत त्यालाच गुरू म्हणत राहिला.

मानसन्मान खूप झाले, ते भराभर सांगते. ग्रॅमीमध्ये लॅटिन संगीताचा विभाग १९७६ मध्ये पहिल्यांदा सुरू झाला आणि पहिलाच पुरस्कार त्याच्या ‘द सन ऑफ लॅटिन म्युझिक’ला मिळाला. त्यात गाणारा लालो रॉड्रिगेझ ध्वनिमुद्रणाच्या वेळी सोळा वर्षांचा पोरगा होता. पुढे आणखी ग्रॅमी, २०१३ मध्ये एनईए या अमेरिकी सरकारी कलासंस्थेचा जॅझ मास्टर किताब. २०१४ मध्ये बायको, इराइदा, गेली. कित्येक दशकांचा संसार होता. तिच्या आठवणीसाठी त्याने २०१८ मध्ये ‘मी लूस मायोर’ ही रेकॉर्ड केली, तेव्हा तो ऐंशी ओलांडून गेला होता.

मी त्याला न्यूयॉर्कच्या ब्लू नोट या जॅझ क्लबमध्ये ऐकलं ते त्याच्या उतारवयातच. वाजवताना तो घशातून हुंकार काढायचा, रेकॉर्डींतही ते ऐकू येतं, आधी मला तो रेकॉर्डचा दोष वाटायचा. समोर बसल्यावर कळलं की सूर पट्टीवर पडायच्या आधी घशात येतोय. सलग भराभर वाजवणं त्याने कमी केलं होतं. मध्ये दोन-दोन आवर्तनं काही वाजवायचाच नाही, काँगावाल्याकडे बघत राहायचा, आणि मग असा एक ठोका टाकायचा की टेबलावरची माणसं हसून एकमेकांकडे बघायची.

बाबा, हे तुम्हाला सांगण्यामागे माझा स्वार्थ आहे. बोटं पूर्वीसारखी पळत नाहीत म्हणून तुम्ही भजनी मंडळात जायचं सोडलंत, हे दादाने मला सांगितलंय. तुम्ही स्वतः कधी सांगितलं नसतंत. बँकेच्या नोकरीपायी तबला मागे पडला हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण आम्ही जेवताना ताटाच्या काठावर तुमची बोटं चालायची आणि आई डोळे वटारायची, हे आम्हा दोघांनाही आठवतं. भजनाला पळणारी बोटं लागत नाहीत. अभंगाच्या मागे धुमाळी धरायला तुमच्याइतकं पक्कं कोणी नाही, हे मंडळातले काका मला मागच्या खेपेला स्वतः म्हणाले.

तेव्हा मी एक उद्योग केलाय. तबला-डग्गा दोन्हींच्या पुड्या बदलून आणायला दादाला सांगितलंय, पैसे पाठवलेत, नको म्हणू नका. गाणी त्याच्या फोनवर टाकली आहेत. आधी ‘वामोनोस पाल मोंते’ ऐका, मग ‘असुकार’. पाचव्या-सहाव्या मिनिटाला कंटाळून बंद करू नका, खरी गंमत तिथून पुढे आहे. सप्टेंबरच्या ७ तारखेला, रविवारी, तुमच्या रात्री आठला व्हिडिओ कॉल लावते. आवाज तुटू नये म्हणून दादा राउटर बाहेरच्या खोलीत आणून ठेवणार आहे. तुम्ही क्लावे धरा, मी इथून मोजते. आई, तूही टाळ घेऊन बस.

डोळ्यात थेंब वेळच्या वेळी घाला. वहिनीला आणि दादाला नमस्कार, पिल्लांना पापे.

तुमची,
मृणाल