घरपट्टीतल्या शिक्षण कराचा हिशेब वाचायला माणसं हवी आहेत

सर्व करदात्या नागरिकांना नमस्कार.

घरपट्टीचं बिल आलं की आपण बहुतेक जण शेवटचा आकडा बघतो, सवलत कुठल्या तारखेपर्यंत आहे ते बघतो आणि बिल कपाटात ठेवून देतो. या वेळी तेवढ्यावर थांबू नका. बिल वरपासून सावकाश वाचा. मालमत्ता कर, वृक्ष कर असं करत खाली ‘शिक्षण कर’ अशी एक ओळ येते. महाराष्ट्रात हा कर १९६२ च्या कायद्याने लागू झाला. नगरपालिका तो आपल्याकडून गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. ज्यांना आयकर लागतो त्यांच्या करावर २०१८ पासून आरोग्य आणि शिक्षणासाठी मिळून ४ टक्के उपकर बसतो. ज्याच्या नावावर घर नाही, ज्याला आयकर लागत नाही, तोसुद्धा साबणाची वडी घेताना जीएसटी देतोच. पालिकेची शाळा या सगळ्यांच्या पैशावर चालते.

त्या शाळेविषयी गावात काय बोललं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे काही शिकवत नाहीत. पगार मात्र घसघशीत घेतात. पट उरलाय किती, बंद करून टाका. हे पत्र लिहिणाऱ्या आमच्या नागरिक समितीतली मंडळीही काही वर्षांपूर्वी असंच बोलायची. यातली तक्रार खोटी नाही, पैसा आपला असल्यामुळे ती करण्याचा हक्कही आपला आहे. पण शाळेची पायरी न चढता, एकही कागद न बघता ती करत राहिलो, तर तिचा उपयोग कुणालाच होत नाही. म्हणून हे आवाहन.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही काही जण मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन शनिवारी शाळेत जातो. एकेका मुलाला जवळ बसवून वाचून घेतो, एवढंच. पहिल्याच शनिवारी चौथीतली एक मुलगी वही घेऊन आली. वही बघून जीव सुखावला. मोत्यासारखं अक्षर, रेघ कुठे हललेली नाही, अख्खा धडा फळ्यावरून उतरवून घेतलेला. म्हटलं, आता हेच वाचून दाखव. ‘आई’, ‘घर’, ‘पाऊस’ वाचलं. ‘पुस्तक’ आलं आणि बोट ‘स्त’खाली थांबलं. ‘पु’ म्हणाली, मग बराच वेळ काही नाही. मग तिने धड्यावरचं चित्र पाहिलं आणि अंदाजाने भलतंच वाक्य सांगितलं. तीच मुलगी संध्याकाळी आईच्या भाजीच्या गाडीवर उभी असते आणि पाऊण किलोचे पैसे तोंडी सांगते. ती ढ नाही. चार वर्षं ती रोज शाळेत आलेली आहे, हजेरीपट तसं सांगतो. जोडाक्षर वाचायला तिच्याजवळ बसून कुणी शिकवलेलं नाही.

हे आपल्याच शाळेत घडतंय अशातलाही भाग नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतात पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. त्यात खासगी शाळांतली मुलंही आली. म्हणजे आपलं मूल इंग्रजी माध्यमात घातलं की आपण सुटलो, असं समजण्यातही अर्थ नाही.

मग दोष गुरुजींचा का? आम्ही तोच धरून गेलो होतो, आणि परत येताना तेवढ्या ठामपणे बोलू शकलो नाही. त्या वर्गातल्या बाई तिसरी आणि चौथी एकत्र सांभाळतात. एका बाजूला पाढे चालू असतात, दुसऱ्या बाजूला परिसर अभ्यास. मध्येच पोषण आहाराची नोंद करायची, फोटो अपलोड करायचे, वरून मागवलेली माहिती दुपारच्या आत पाठवायची. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावू नये. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलंय. हे ८०० तास प्रत्यक्षात किती भरतात, हा करदात्याने विचारायचा पहिला प्रश्न आहे असं आमचं मत. पगारावर बोलण्याआधी शिकवायला किती वेळ मिळाला हे मोजलं पाहिजे. बाई स्वतःच म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही हे लिहून घ्या आणि वर विचारा. मी विचारलं तर मला बदलीची भीती.’

आता पैशाबद्दल, आणि इथे आम्हाला आमची चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी मुलांना पिण्याचं पाणी नीट मिळत नाही म्हणून आम्ही वर्गणी काढली आणि शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून दिलं. तुमच्यापैकी अनेकांनी त्यात पैसे दिले होते. उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो निघाले. नंतर कधीतरी शाळेच्या नोंदवह्या बघायला मिळाल्या, तर त्याच वर्षी अनुदानातून ‘पाणी व्यवस्था दुरुस्ती’ या नावाने खर्च पडलेला. काय दुरुस्त केलं, नळ बदलले की टाकी, कुणालाच सांगता येईना. मुख्याध्यापक मधल्या काळात बदलून गेलेले, व्हाउचर सापडत नाही, जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, नव्या वस्तूची नोंद नाही. आम्ही कुणावर चोरीचा आळ घेत नाही, तेवढा पुरावा आमच्याजवळ नाही. पण सरकारी पैसा खर्ची पडला तेव्हा तिथे विचारणारं कुणी नव्हतं, आणि त्याच गरजेसाठी आपण पुन्हा खिशात हात घातला. एकाच पाण्याचे पैसे आपण दोनदा भरले. त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की ज्या गोष्टीसाठी शासन अनुदान देतं, ती वस्तू वर्गणीतून घ्यायची नाही. आधी अनुदान कुठे आहे ते विचारायचं.

ते विचारता यावं म्हणून थोडी माहिती. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत प्रत्येक सरकारी शाळेला पटानुसार वर्षाला संयुक्त शाळा अनुदान धरलेलं आहे: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातला निदान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च व्हायला हवा. रक्कम फार मोठी नाही हे आम्हालाही कळतं. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती यातच ती जाते. पण ती वर्षाच्या शेवटी येते, मार्चएंडच्या घाईत संपवावी लागते, आणि घाईत घेतलेली वस्तू कशी असते ते घरातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वेळेवर का येत नाही, हा प्रश्न शाळेला नव्हे, वरच्या कार्यालयाला विचारायचा आहे. आणि तो एकट्या मुख्याध्यापकाने विचारण्यापेक्षा पन्नास करदात्यांनी सह्या करून विचारला तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

हा पैसा नीट लागतो की नाही ते बघायला कायद्याने माणसं नेमलेली आहेत. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं ही त्यांची कामं. कलम २२ तर म्हणतं की हाच आराखडा पुढच्या अनुदानाचा आधार असेल. कागदावर याहून चांगली व्यवस्था सुचत नाही.

प्रत्यक्षात काय होतं, ते या व्यवस्थापन समितीच्याच एका ताईंनी सांगितलं. त्या चार घरची धुणीभांडी करतात. ‘बैठक सकाळी अकराला असते. गेले तर दोन घरचा खाडा. मग वही घरी येते, मी सही करते.’ सही कशावर केली असं विचारलं तर म्हणाल्या, ‘ठरावावर.’ कसला ठराव ते त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. त्यांना लिहिता वाचता येतं. वेळ दिला असता तर त्यांनी स्वतःच वाचला असता. आमच्या मते शाळेच्या हिशेबातलं मोठं भोक हेच आहे. ते बुजवायला बैठक संध्याकाळी सातला घेणं पुरेसं आहे, त्याला एक रुपया लागत नाही.

करदात्याने शाळेचा हिशेब मागणं ही या मातीत नवी गोष्ट नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं की सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो. रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शाळेवर तो खर्च करा, असं त्यांनी मागितलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. दंड ठेवायचा तर शाळा चालवण्याची जबाबदारीही घ्यावी लागते, ती त्यांनी घेतली.

‘आमची मुलं तिथे जात नाहीत, आम्ही कशाला लक्ष घालू’ असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना आमचं सांगणं इतकंच की पैसा तुमचा जातोच आहे. आणि ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांना विनंती की आधी त्या शाळेतल्या मुलांची दहा घरं फिरून या. जवळची शाळा गेली की धाकट्या भावाला रिक्षा लागते आणि थोरली बहीण घरी राहते. आम्ही ती घरं फिरलो आहोत.

आता प्रत्यक्ष मदतीचं.

सगळ्यात निकडीची गरज हिशेब कळणाऱ्या माणसांची आहे. बँकेतून, ट्रेझरीतून, एखाद्या सहकारी संस्थेतून निवृत्त झालेले आपल्या गावात कमी नाहीत. कॅशबुक, व्हाउचर, उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) हे ज्यांनी आयुष्यभर हाताळलं, त्यांना शाळेचं दप्तर म्हणजे एका दुपारचं काम. महिन्यातले दोन तास द्या. मागच्या तीन वर्षांचं दप्तर आधी बघायचं आहे. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कार्यालयातले अभिलेख बघू द्यावेत, अशी सूचना राज्य शासनाने २०१८ साली दिली होती; ती अजून लागू आहे का ते आधी विचारून घेऊ. तिथे आपण सौजन्याने जायचं, आवाज चढवायचा नाही. नाहीच दाखवलं तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. १० रुपये शुल्क, प्रतीचे पानाला २ रुपये आणि ३० दिवसांची मुदत.

दुसरी गरज शनिवारी वाचून घेणाऱ्यांची. शिक्षक असायची अट नाही, धीर हवा. मुलाचं बोट अक्षरावर थांबलं की शब्द आपण सांगून टाकायचा नाही, थांबायचं. आजी मंडळींना हे फार छान जमतं असा आमचा अनुभव आहे. प्रत्येक मुलाची एक ओळ नोंद आपण ठेवतो: अक्षर वाचतो, शब्द वाचतो, वाक्य वाचतो, गोष्ट वाचतो. ही नोंद वर्गशिक्षकांना देतो. मुलाचं नाव बाहेर कुठेही जात नाही.

पालकांनी बैठकीला यावं. व्यवस्थापन समितीत नसाल तरी विचारा: पुढची बैठक कधी, मागचं इतिवृत्त कुठे, आराखड्यात काय लिहिलंय. वाचल्याशिवाय सही करू नका. खाडा होत असेल तर बैठकीची वेळ बदलून मागा, आम्ही तुमच्याबरोबर येऊ.

पैसेही लागतात, पण थोडे. झेरॉक्स, अर्जांचं शुल्क, वाचनाचे तक्ते आणि गोष्टींची छोटी पुस्तकं, एवढाच खर्च. म्हणून एका घराकडून २०० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत असं ठरवलंय. एकाने दहा हजार दिले की काम त्याचं होतं, हे आपण उत्सवात पाहिलेलं आहे. आजी-माजी लोकप्रतिनिधी, उमेदवार आणि शाळेला माल पुरवणारे यांच्याकडून वर्गणी घेणार नाही. प्रत्येकाला पावती मिळेल. जमाखर्च दर महिन्याच्या पाच तारखेला शाळेच्या फाटकाजवळच्या फलकावर लागेल. शाळेचा हिशेब मागायचा तर आपला आधी उघडा पाहिजे.

पंखा, रंग, बाक देऊ इच्छिणाऱ्यांना हात जोडून विनंती, तूर्त थांबा. या वर्षीच्या आराखड्यात ती मागणी घालून घेऊ, पालिकेचं अंदाजपत्रक सभेपुढे येण्याआधी लेखी निवेदन देऊ. तरी नाही मिळालं तर तुमच्या दारी पहिले आम्हीच येऊ.

ती चौथीतली मुलगी दिवाळीपर्यंत ‘पुस्तक’, ‘रस्ता’, ‘वस्तू’ वाचू लागली. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ला अजून अडते. तिच्या वर्गातल्या अकरा मुलांजवळ बसायला अजून कुणी मिळालेलं नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला शाळेच्या पटांगणात जमायचं आहे. घरपट्टीचं बिल सोबत आणा. भाड्याने राहणाऱ्यांनी तसंच यावं. चष्मा लागत असेल तर तोही आणा, कॅशबुकातलं अक्षर बारीक आहे.

आपले,
समितीतील सर्व सदस्य