राहून गेलेले आभार

जुलै २०१८च्या पुरात, वसईत, आमची आई गेली. वीज नव्हती, गाड्या बंद, चर्चच्या वाटेवर गुडघाभर पाणी. ज्यांनी तिची शवपेटी खांद्यावरून नेली, त्यांतल्या निम्म्यांची नावं आम्हाला आजही ठाऊक नाहीत. एकाने आपली छत्री पेटीवर धरली आणि स्वतः दफनभूमीपर्यंत भिजत चालला.

पुढचे तीन दिवस कुणीतरी ओट्यावर जेवणाचे डबे ठेवून जायचं. भात, सुकटाची चटणी, वर घट्ट बांधलेलं फडकं. विचारलं तर सगळे म्हणायचे, "राहू द्या हो."

दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आईच्या कबरीवर मेणबत्ती लावताना तुमच्यासाठीही प्रार्थना करतो. तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. दोन डबे अजून आमच्याकडेच आहेत, घासूनपुसून ठेवलेत. न्यायला या, चहाही घेऊ.