काकू, अंगणातला तो वास गेला

प्रिय काकू,

समोर येऊन आभार मानले तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलाल, म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्या कुंपणाच्या आतच राहू नये असं मनापासून वाटतं.

त्या दिवशी तुम्ही भिंतीपलीकडून ओरडला नसतात तर काय झालं असतं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. महिनाभर तो बोका पालेभाजीच्या वाफ्यात घाण करत होता आणि टाकीमागच्या भिंतीवर मुतून ठेवत होता. सकाळी दार उघडलं की पहिला तो वास. पाणी मारून मारून मी थकले होते. शेवटी ब्लीचची बाटली घेऊन त्या कोपऱ्यात बसले आणि तुमचा आवाज आला, "थांब, ओतू नकोस!" लघवीतून अमोनिया सुटतो, त्यावर ब्लीच पडलं की क्लोरामाइनचा विषारी वायू होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. भिंत आणि टाकी यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या जागेत मी तोच वायू छातीत भरून घेतला असता.

मग तुम्ही आलात, वाफ्याशी उकिडव्या बसलात आणि विचारलंत, "तो इथेच का येतो?" हा प्रश्न मला महिनाभरात सुचला नव्हता. मी त्याला हाकलण्याच्याच मागे होते. मी उकरून, चाळून, भुसभुशीत करून ठेवलेली कोरडी माती म्हणजे मांजराला हवी तशीच जागा, हे तुम्ही दाखवलंत. वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरायची, कापलेल्या तारांची टोकं खाली वळवायची, वर मातीचा पातळ थर द्यायचा. रोपं जाळीच्या भोकांतून वर येतात, पण मांजराला पंजाने उकरता येत नाही. जिथे जाळी पुरली नाही तिथे वाळक्या काटक्या खोचल्या आणि माती ओलसर ठेवली. एवढंच. आठवड्याभरात वाफा मोकळा झाला.

वासाचं मात्र सोपं नव्हतं. पाण्याने तो का जात नाही, हे तुमच्यासारख्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या बाईनेच सांगावं. लघवीतलं युरिक आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही. ते भिंतीत मुरून बसतं आणि हवा दमट झाली की पुन्हा दरवळतं. तो वास बोक्याला आपल्या खुणेसारखा, म्हणून तो पुन्हा त्याच जागी येतो. आपण वाफ्यातली चार बोटं माती काढून टाकली, भिंतीला एन्झाइमचं, म्हणजे वासाचं मूळच फोडून टाकणारं, क्लीनर लावलं आणि तुम्ही ते लगेच धुऊ दिलं नाहीत. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो, ओल टिकू दे, म्हणालात.

मी पेरून ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या तुम्ही एकेक करून वेचल्यात, तेही विसरले नाही. जिथली भाजी खायची त्या मातीत या गोळ्यांतलं नॅफ्थलीन नको, आणि एखादं लहान मूल खाऊची गोळी समजून तोंडात घालेल, हा विचार माझ्या आधी तुम्ही केलात. उंदरांसाठी मी विष मागितलं तेव्हाही तुम्ही नाही म्हणालात, कारण विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या किंवा मांजराच्या पोटात जातो. त्याऐवजी कंपोस्टच्या डब्यातलं शिजलेलं अन्न बंद केलंत, वरून सुका पाला घालायला लावलात आणि डब्याखाली ६ मिलिमीटर भोकांची जाळी बसवलीत. त्याहून मोठ्या फटीतून लहानसा उंदीर सहज आत शिरतो.

पण सगळ्यात मोठं ऋण वेगळंच आहे. तेव्हा माझी बहीण गरोदर होती आणि रोज हौसेने त्याच वाफ्यात निंदायला बसायची. तुम्ही तिला शांतपणे बाजूला घेतलंत. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचा परजीवी मातीत येऊ शकतो, तो पोटातल्या बाळाला बाधू शकतो. ताज्या विष्ठेतून लगेच लागण होत नाही, त्याला साधारण १ ते ५ दिवस लागतात, पण एकदा का तो मातीत टिकला की महिनोन्महिने राहतो. म्हणून घाण त्याच दिवशी उचलायची, ती दुसऱ्या कुणीतरी, हातमोजे घालून, आणि भाजी खळखळून धुवायची. ती घाबरू नये म्हणून तुम्ही किती जपून बोलत होतात! वर स्वतःचे हातमोजे मला काढून दिलेत.

बाळ चार महिन्यांचं आहे, खणखणीत आहे.

बोका अजून कुंपणावरून चालत जातो. थांबून वाफ्याकडे बघतो आणि पुढे जातो. मला आता त्याचा राग येत नाही.

तुमचे हातमोजे धुऊन वाळवून ठेवलेत. संध्याकाळी ते द्यायला येते, वाफ्यातली पहिली जुडीही आणते. विषय बदलू नका.

तुमची,
पलीकडच्या अंगणातली