ओपुवोहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं नसतं. आई मध्येच रडली असती, बाबांनी फोन दादाच्या हातात दिला असता आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं. म्हणून लिहिते आहे. इथलं, नामिबियात ओपुवोजवळच्या वाड्यांवरच्या पोरक्या मुलांचं काम मी आणखी दोन वर्षांसाठी घेतलं आहे. सही झाली आहे. डिसेंबरात कायमची परत येणार होते, ते आता होणार नाही. पण मे महिन्यात महिनाभर घरी येते, रजा मंजूर करून घेतली आणि मगच सही केली. आई, हे वाक्य पुन्हा वाच. मे महिन्यात येते.

तू मागे विचारलं होतंस, "तिथल्या पोरांना तिथली माणसं नाहीत का?" आहेत गं. हिंबा म्हणजे इथली गुरं पाळणारी जमात. त्यांच्या वाडीत, ओंगांडा म्हणतात तिला, पोरकं मूल उघड्यावर पडत नाही. मावशी, आजी, आत्या, कुणीतरी त्याला जवळ घेतंच. आई-बाप धडधाकट असले तरी मुलं नातलगांकडे वाढायला जातात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. प्रत्येकाची दोन कुळं असतात. बापाचं ते ओरुझो. राहण्याची वाडी, पवित्र अग्नी, पूर्वजांचं सगळं करणं त्यातून येतं. आईचं ते एआंडा, आणि गुरंढोरं बहुतेक त्या बाजूनं, मामाकडून भाच्याकडे येतात. म्हणजे आई-बाप गेले तरी मामाच्या गुरांत पोराचा शब्द राहतो. बाबा, तुम्ही ओगलेवाडीच्या मामांकडे वाढलात. तुम्हाला यापुढचं सांगायला नको.

मग तुम्ही तिथे करता काय, असं बाबा विचारतील. बाबा, मामाची गुरंच राहिली नाहीत. दुष्काळामुळे 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये नामिबिया सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. ही माणसं आंबवलेल्या दुधावर जगतात, ओमाएरे म्हणतात त्याला. गुरं मेली की पोरांच्या तोंडचं दूध गेलं. राहतं मक्याचं पीठ, तेही विकतचं नाहीतर वाटपातलं. जिच्या घरी आधीच नातवंडं भरलेली, तिच्या दारात आणखी दोन पोरं आली तर आजी त्यांना परत पाठवत नाही, ती स्वतः कमी खाते. अशा घरांना पीठ, तेल, शेळ्या मिळवून देणं आणि सरकारी अनुदान सुरू करून देणं, हे आमचं काम. पोरं उचलून ओपुवोत एका इमारतीत ठेवली असती तर सोपं पडलं असतं, आलेल्या पाहुण्यांना दाखवताही आलं असतं. मला ते पटत नाही. गुरांमागे न चाललेलं पोर मोठं होऊन वाडीवर परतलं तर त्याला तिथे कोण काय म्हणून ओळखणार?

खरा वेळ जातो तो कागदांत. अनुदानाला मुलाचा जन्मदाखला लागतो, आई-वडिलांच्या मृत्यूचा दाखला लागतो. बाई आपल्या झोपडीतच वारली, कचेरी मैलोगणती लांब, नोंद कोण करणार? पोराचा जन्म कधीचा विचारलं तर आजी साल सांगत नाही, त्या वर्षी काय झालं ते सांगते. पाऊस केव्हा लागला, गुरं कुठल्या पाण्यावर नेली होती, कोण वारलं. त्यावरून आम्ही साल बसवतो, प्रमुखाकडून लिहून घेतो, साक्षीदार गोळा करतो आणि ओपुवोच्या रांगेत उभे राहतो. इथल्या 2015 च्या बालसंगोपन आणि संरक्षण कायद्यात नात्यातल्या माणसाकडे मूल ठेवायची रीतसर सोय आहे. पण तो कायदा त्या आजीपर्यंत कुणीतरी नेऊन पोचवायला लागतो. कितीतरी घरांचे कागद आता अर्ध्यावर आहेत. मी निघाले तर नवीन माणसाला त्या आज्या पुन्हा पहिल्यापासून आपल्या मेलेल्या लेकीबद्दल सांगणार. तेवढ्यासाठी तरी मला राहायला हवं. दुसरं कुणी करू शकलं नसतं असं नाही, पण आत्ता मी इथे आहे.

एक मुलगी आहे, नाव लिहीत नाही. दोन वेण्या कपाळावरून पुढे आलेल्या, लहान मुलींच्या तशाच असतात. पुढच्या सत्रात ती शाळेच्या वसतिगृहात जाईल. परवा तिची आजी लाल दगड कुटत बसली होती. पूड चाळली, लोण्यात कालवली आणि पोरीची मान, खांदे, पाठ चोळून काढली, कानामागची जागासुद्धा सोडली नाही. पोरगी कंटाळून चुळबुळ करत होती. मग म्हातारीनं माझा हात ओढला आणि कोपरापर्यंत चोळला. आई, नरकचतुर्दशीला तू मला पाटावर बसवून असंच तेल लावायचीस, मी कुडकुडत ओरडायचे आणि तू ऐकायची नाहीस. मला तिथे रडू आलं. म्हातारीला काही विचारायचं सुचलं नाही, तिनं दुसरा हात घेतला. पिवळ्या कुर्त्यावर त्याचे डाग पडले आहेत, साबणानं जात नाहीत. मे महिन्यात बघशील तेव्हा रागावू नकोस.

माझी काळजी करू नका. ओपुवोतलं घर पक्कं आहे, पाण्याची टाकी आहे, फ्रीज आहे. इथे बाजरी मिळते, महांगू म्हणतात, भाकरी छान होते. तुझा काळा मसाला अजून पुरतो आहे. पावसाळ्यात मलेरिया असतो, म्हणून मच्छरदाणीशिवाय झोपत नाही. वाड्यांवर फोनला रेंज नसते, तेव्हा दोन दिवस फोन लागला नाही म्हणजे मी वाडीवर आहे, एवढंच समजायचं. आपल्यात साडेतीन तासांचं अंतर आहे. माझ्यासाठी रात्री जागत बसू नका, मी तुमच्या संध्याकाळच्या चहाला फोन करत जाईन.

आता तुमचं. बाबा, प्रेशरची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. गच्चीवर टाकी बघायला तुम्ही चढायचं नाही, त्यासाठी सुताराच्या मुलाला बोलवा, पैसे मी देते. आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन मी येईपर्यंत थांबवायचं नाही. दादा सोबत येतो म्हणाला आहे, वहिनी आठ दिवस राहणार आहे, आणि आठ दिवस तू चुलीजवळ जायचं नाहीस, वहिनी जे करेल ते निमूट खायचं. जाधवांकडे तुम्ही काही बोलू नका, मी स्वतः फोन करते. अवघडल्यासारखं वाटू देऊ नका, त्यात तुमचा काही दोष नाही.

आणि आई, तुला सोडून मला इथे जास्त आवडतं, असं मनात आणू नकोस. तसं नाही गं. तू नीट दिसायला लागलीस की व्हिडिओ कॉलवर त्या आजीशी तुझी गाठ घालून देते.

डॉक्टरांची तारीख मिळाली की दादाला लगेच मला कळवायला सांगा. साखरेची तपासणी आधी करायची आहे, ती उपाशीपोटी, हे विसरू नका.

तुमची,
मनू