टायर बदलण्याआधी

वडाळा, मुंबई

प्रिय मित्रा,

काल तुझा फोन आला तेव्हा ट्रक टर्मिनलच्या गोंगाटात नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. ताशी ५० किमीच्या पुढे गेलं की तुझ्या ट्रकचं स्टेअरिंग थरथरतं, खड्डा लागला की पुढची चाकं डावी-उजवी फडफडतात आणि गाडी हळू केल्याशिवाय थांबत नाहीत, असं म्हणालास. तुझा मिस्त्री म्हणतो, दोन्ही टायर बदला. एवढ्यात बदलू नकोस. टायरचा बॅलन्स गेला की थरथर सुरू होते हे खरं, पण चाक फडफडतं ते कुठेतरी ढिलाई असते म्हणून. ती तशीच राहिली तर नवे टायरही खाऊन टाकेल.

माझ्या हातून ही चूक झालीय. बंदरातून कंटेनर ओढणाऱ्या एका ड्रायव्हरला मी स्टेअरिंग बॉक्स बदलायला लावला. आठवड्याने सायन-पनवेल रस्त्यावर भरल्या गाडीची चाकं पुन्हा फडफडली. जॅकवर घेतली, तर उजव्या किंगपिनचा, म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिचा, खालचा बुश (आतली नळी) पार झिजलेला, ग्रीस भरायचं निप्पल मातीने बुजलेलं. त्याचे पैसे गेले, जीवही गेला असता. ते मला अजून टोचतं.

तर आधी टायरवर तळहात फिरव, आतून बाहेर आणि मग उलट. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कोन, बिघडलाय. जागोजागी खळगे पडले असतील तर बॅलन्स, शॉकअब्सॉर्बर किंवा बेअरिंगवर संशय घे.

मग पुढचा एक्सल उचल, खाली घोडी (लोखंडी स्टँड) लाव. नुसत्या जॅकवर विसंबून आत शिरू नकोस. टायर वर-खाली धरून हलव, जमलं नाही तर खालून टॉमी (लोखंडी पहार) घालून उचकट. खटखट लागली की कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे ती ढिली हालचाल, गेला तर व्हील बेअरिंग ढिलं. तरीही राहिला तर किंगपिन. एवढ्या एका युक्तीने कितीतरी गाड्यांचा नाहक खर्च वाचलाय.

टायरॉड एंड आणि ड्रॅगलिंक, म्हणजे स्टेअरिंगपासून चाकांपर्यंत जाणारे दांडे आणि त्यांची टोकं, मात्र चाकं जमिनीवर ठेवून बघ. एकाने इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग थोडं थोडं इकडेतिकडे करायचं, तू प्रत्येक बॉलजॉइंटवर बोट ठेवायचं. दांडा हलतोय आणि पुढचा भाग उशिरा हलतोय, म्हणजे तो जॉइंट ढिला, हे डोळ्यांआधी बोटाला कळतं. कमानीच्या पाट्या एक्सलला आवळणारे यू-बोल्ट आणि कमानीच्या टोकाच्या शॅकलचे बुशही बघून घे.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सरळ करणं, सगळ्यात शेवटी. ढिल्या किंगपिनवर केलेलं अलाइनमेंट रस्त्यावर टिकत नाही. आणि किंगपिनला ग्रीस मारताना एक्सल उचललेलाच असू दे. वजन खाली असलं की गाडीचा भार पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगपर्यंत ग्रीस नीट पोचत नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारत राहा.

तोवर भरलेली गाडी घाटात घालू नकोस, माझं एवढं ऐक. प्ले कुठे निघाला ते फोन करून सांग. नाहीच सापडला तर रविवारी गाडी रिकामी, सावकाश इकडे घेऊन ये. आपण दोघं मिळून बघू. काकूंना नमस्कार.

तुझा मित्र